अग्निबाणाचे कूळ आणि त्याची किंमत

२०२३ सालचा आपल्या मंडळाचा देखावा बहुतेकांना आठवत असेल. त्या वर्षी २३ ऑगस्टला चांद्रयान-३ चंद्रावर उतरले आणि १९ सप्टेंबरला गणपती बसले. त्यामुळे देखाव्याचा विषय ठरवण्यासाठी बैठक लांबण्याचे काही कारणच उरले नाही. पुठ्ठा, चांदीचा कागद आणि बांबूच्या काड्या यांतून पोरांनी आठ फुटी रॉकेट उभे केले, खाली लाल दिवे लावले आणि धुरासाठी धूपदाणी ठेवली. आरतीच्या वेळी कोपऱ्यात उभा असलेला एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा मला म्हणाला, "आजोबा, हे रॉकेट आणि टीव्हीवर दाखवतात ते मिसाइल, दोन्ही सारखीच दिसतात. मग फरक काय?"

मी गडबडीत सांगून टाकले, "वर उपग्रह ठेवला की रॉकेट, बॉम्ब ठेवला की मिसाइल."

"मग आधी काय झालं?" त्याने विचारले. तेवढ्यात प्रसाद वाटायला सुरुवात झाली आणि तो पळाला. प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला.

माझी सगळी नोकरी यंत्रशाळेत गेली. टाक्या, नळ्या, व्हॉल्व्ह आणि वेल्डिंगचे सांधे हाच माझा संसार. त्यामुळे या विषयावरची पुस्तके मी हौसेने वाचत आलो आहे. त्या मुलाचे दोन्ही प्रश्न वाटतात तितके सोपे नाहीत, आणि त्यांच्या उत्तरात आपल्या या हैदराबादचाही थोडा वाटा आहे. म्हणून यंदा संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा हाच विषय घेतला.

बाण जुना, द्रव नवा

दारूचा बाण आपल्याला नवा नाही. पेशवाईतल्या कागदपत्रांत लढाईच्या वर्णनात 'बाण' येतात ते हेच. १७८० साली पोल्लिलूरच्या लढाईत हैदर आणि टिपू यांच्या लोखंडी नळीच्या बाणांनी इंग्रजांची दाणादाण उडवली. पुढे विल्यम काँग्रीव्हने त्यांवरूनच इंग्रजी सैन्यासाठी बाण तयार केले. पण हे सगळे घन इंधनाचे, म्हणजे दिवाळीतल्या बाणाचेच मोठे भाऊ. एकदा पेटला की पेटला. मध्येच थांबवता येत नाही, कमी-जास्त करता येत नाही, आणि वाऱ्याने फिरवला तर लावणाऱ्याच्याही अंगावर येतो.

द्रवरूप इंधनाची कल्पना वेगळी. एका टाकीत इंधन, दुसऱ्या टाकीत ते जाळायला लागणारा प्राणवायू, आणि दोन्ही एका कक्षात आणून पेटवायचे. त्या काळच्या दारूपेक्षा यातून वजनामागे कितीतरी जास्त जोर मिळत होता. शिवाय झडप बंद केली की आग बंद. ही दुसरी सोय फार मोलाची आहे. लांब पल्ल्याचे क्षेपणास्त्र इंजिन बंद झाल्यावर फेकलेल्या दगडासारखेच जाते. तो दगड कुठे पडणार हे इंजिन बंद होण्याच्या क्षणीचा वेग आणि दिशा यांवर ठरते. म्हणजे नेम साधायचा तर इंजिन नेमक्या क्षणी बंद करता आले पाहिजे.

तीन स्वप्नाळू माणसे

या कल्पनेचे पहिले तीन उपासक सैनिक नव्हते. रशियातल्या कलुगा गावी शिकवणारे, लहानपणापासून कमी ऐकू येणारे शाळामास्तर कॉन्स्टँटिन त्सिओल्कोव्स्की यांनी १९०३ साली द्रवरूप हायड्रोजन आणि प्राणवायूवर चालणाऱ्या अंतराळयानाचा हिशोब मांडून छापला. हर्मन ओबर्थ यांनी १९२३ साली जर्मनीत ग्रहांपर्यंत जाणाऱ्या अग्निबाणावर पुस्तक काढले. आणि अमेरिकेतले प्राध्यापक रॉबर्ट गोडार्ड यांनी १६ मार्च १९२६ रोजी ऑबर्न गावी, नात्यातल्या एका बाईंच्या शेतात, पेट्रोल आणि द्रवरूप प्राणवायूवर चालणारा पहिला अग्निबाण उडवून दाखवला. तो अडीच सेकंद उडाला, सुमारे साडेबारा मीटर उंच गेला आणि ५६ मीटरवर कोबीच्या वाफ्यात पडला.

त्याआधी १९२० साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने, पोकळीत अग्निबाण चालत नसतो हे शाळकरी पोरालाही कळते अशा अर्थाची टवाळी गोडार्डची केली होती. त्या पत्राने आपली चूक कबूल केली ती १७ जुलै १९६९ रोजी, अपोलो-११ चंद्राच्या वाटेवर असताना. गोडार्डना जाऊन तेव्हा २४ वर्षे झाली होती.

तर त्या मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे. स्वप्न म्हणून आधी रॉकेट आले. पण साडेबारा मीटरवरून चंद्रापर्यंत जायला पैसा लागतो, आणि तो पैसा शाळामास्तरांकडे नव्हता.

तहातली फट

पहिल्या महायुद्धात हरलेल्या जर्मनीवर व्हर्सायच्या तहाने लांब पल्ल्याच्या तोफांची बंदी घातली. त्या तहात अग्निबाणांचा उल्लेख नव्हता. जर्मन लष्कराच्या तोफखान्यातील अधिकाऱ्यांचे तिकडे लक्ष गेले. बर्लिनच्या वेशीवर एका पडीक जागेत १९३० पासून काही हौशी तरुण स्वतःच्या खिशातून पैसे घालून अग्निबाण उडवत होते. त्यांतल्याच वेर्नर फॉन ब्राउन या वीस वर्षांच्या मुलाला लष्कराने १९३२ च्या अखेरीस हाताशी धरले. त्याला चंद्रावर जायचे होते आणि लष्कराला तोफ हवी होती. दोघांचे जमले.

वॉल्टर डोर्नबेर्गर या लष्करी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली कुमर्सडॉर्फच्या मैदानात काम सुरू झाले. पहिला ए-१ जमिनीवरच फुटला. १९३४ च्या डिसेंबरात बोर्कुम बेटावरून दोन ए-२ उडवले, ते दोन किलोमीटरच्या वर गेले. जागा अपुरी पडू लागली तेव्हा बाल्टिक समुद्रकाठचे पेनेम्युंदे हे एकांतातले गाव निवडले. फॉन ब्राउनचे आजोबा तिथे बदकांच्या शिकारीला जात, अशी आठवण त्याच्या आईने सांगितली होती. १९३७ पासून तिथे एक गावच उभे राहिले, आणि पुढच्या पाच वर्षांत तिथेच जगातले पहिले मोठे मार्गदर्शित द्रव-इंधन क्षेपणास्त्र घडले. त्याचे कारखान्यातले नाव ए-४. गोबेल्सच्या प्रचारखात्याने त्याला सूडाचे शस्त्र म्हणून दिलेले नाव व्ही-२.

तीन कोडी

यंत्राच्या माणसाने थांबून पाहावे अशी जागा ही आहे. ए-४ ची उंची १४ मीटर, उड्डाणाच्या वेळचे वजन सुमारे साडेबारा टन, शीर्षात सुमारे एक टनाचा स्फोटक भाग आणि इंजिनाचा जोर २५ टन. इंधन म्हणजे बटाट्यापासून काढलेला अल्कोहोल, त्यात पाव हिस्सा पाणी. सोबत उणे १८३ अंशांचा द्रवरूप प्राणवायू. हे सगळे मिनिटभरात जाळायचे. त्यात तीन कोडी होती.

पहिले कोडे पंपाचे. दर सेकंदाला सव्वाशे किलो द्रव कक्षात ढकलायचा, तोही आतल्या दाबाविरुद्ध. टाक्यांतच दाब भरावा तर टाक्यांच्या भिंती इतक्या जाड कराव्या लागतात की यंत्र उडतच नाही. मग पंप हवा. ही मागणी पंप बनवणाऱ्यांसमोर ठेवली तेव्हा ती आग विझवण्याच्या बंबाच्या पंपाशी बरीच मिळतीजुळती निघाली. तो पंप फिरवायला ५८० अश्वशक्तीचे छोटे टर्बाइन. टर्बाइनला वाफ मिळे ती तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये परमँगनेट मिसळून. पाणी न तापवता क्षणात वाफ.

दुसरे कोडे उष्णतेचे. कक्षात अडीच हजार अंशांच्या वर तापमान, आणि पोलाद त्याच्या कितीतरी आधीच वितळते. हे काम वॉल्टर थील या रसायनशास्त्रज्ञाकडे होते. त्याने कक्षाला दुहेरी भिंत केली आणि जळायला निघालेला अल्कोहोल आधी त्या दोन भिंतींमधून फिरवला. म्हणजे भिंत थंड आणि इंधन गरम, दोन्ही कामे एकदम. शिवाय बारीक छिद्रांतून थोडा अल्कोहोल आतल्या बाजूने भिंतीवर झिरपू दिला. चुलीवर ठेवण्याआधी भांड्याला बाहेरून मातीचा लेप देतात, तसा हा आतून द्रवाचा लेप. इंधन फवारणाऱ्या तोटीचेही असेच. मोठ्या कक्षासाठी एकच मोठी तोटी जमेना, तेव्हा दीड टनाच्या छोट्या इंजिनात सिद्ध झालेल्या तोट्या अठराच्या अठरा शेजारी शेजारी बसवल्या. देखण्या नव्हत्या, पण चालल्या. वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेल्या कुणालाही ही युक्ती ओळखीची वाटेल.

तिसरे कोडे दिशेचे, आणि सगळ्यांत हट्टी तेच ठरले. बाण सावकाश उठतो, तेव्हा शेपटीच्या पंखांना वाऱ्याचा आधारच मिळत नाही. म्हणून ज्वाळेच्या मार्गातच ग्रॅफाइटची चार पाती बसवली. ती वळली की ज्वाळा वळते आणि बाण वळतो. पण पाती कधी, किती वळवायची? त्यासाठी जायरोस्कोप. भोवरा फिरत असताना आपला अक्ष सोडत नाही, तोच नियम. डिसेंबर १९३७ मध्ये ही व्यवस्था घातलेले चार ए-३ उडवले आणि चारही वाया गेले. बाजूच्या वाऱ्यापुढे नियंत्रणाची ताकद कमी पडली. जर्मनांनी तेव्हा ए-४ ची घाई केली नाही. ए-५ हा लहान बाण केवळ दिशेचा अभ्यास करण्यासाठी बनवला आणि तो वारंवार उडवून, समुद्रातून काढून, पुन्हा तपासला. जायरोचे संकेत पात्यांपर्यंत पोचवताना करावे लागणारे गणित हेल्मुट होएल्त्सर याने एका विजेच्या पेटीत बसवले. उडत्या यंत्रात बसवलेल्या अगदी पहिल्या गणकयंत्रांपैकी ते एक. नेमक्या वेगाला इंजिन बंद करण्याचीही व्यवस्था झाली.

जून आणि ऑगस्ट १९४२ मधली ए-४ ची पहिली दोन उड्डाणे फसली. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी तिसरे साधले. बाण सुमारे ८५ किलोमीटर उंच गेला आणि १९० किलोमीटरवर समुद्रात पडला. माणसाने बनवलेली वस्तू प्रथमच अंतराळाच्या उंबऱ्याशी पोचली होती. त्या रात्री पेनेम्युंदेत मेजवानी झाली आणि अंतराळयुगाच्या गोष्टी झाल्या.

इथपर्यंतची कथा वाचताना माझ्यासारख्या माणसाला अभिमान वाटतो. बरीच पुस्तकेही इथपर्यंतच रंगतात.

डोंगराच्या पोटात

१७ ऑगस्ट १९४३ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी पेनेम्युंदेवर हल्ला केला. त्यात वॉल्टर थील बायकामुलांसह मारला गेला. त्या रात्री मेलेल्या सातशेहून अधिक लोकांत सर्वांत जास्त संख्या मात्र परदेशातून धरून आणलेल्या मजुरांची होती, कारण बरेच बॉम्ब त्यांच्या छावणीवर पडले.

यानंतर उत्पादन जमिनीखाली नेण्याचा निर्णय झाला. जागा ठरली मध्य जर्मनीतल्या नॉर्डहाउजेनजवळच्या कोनश्टाइन टेकडीतले बोगदे. दहा दिवसांत, २८ ऑगस्टला, बुखेनवाल्ड छळछावणीतून पहिले १०७ कैदी तिथे आणले गेले. या नव्या छावणीचे नाव डोरा.

दोन लांब समांतर बोगदे आणि त्यांना जोडणारे चाळीसहून अधिक आडवे बोगदे रुंद करायचे, खडक फोडायचा, यंत्रे बसवायची. पहिले कित्येक महिने कैद्यांना राहायला बाहेर बराकीच नव्हत्या. ते बोगद्यातच काम करत आणि बोगद्यातच लाकडी मजल्यांवर झोपत. सुरुंगाची धूळ, ओल, पाण्याची टंचाई, शौचाला अर्धे कापलेले पिंप. फ्रेंच, पोलिश, सोव्हिएत अशा अनेक देशांचे लोक तिथे होते. कित्येकांनी आठवडेच्या आठवडे सूर्य पाहिला नाही. पुढे जुळणीचे काम सुरू झाले तेव्हा एखादा सांधा मुद्दाम कच्चा ठेवल्याच्या संशयावरून कैद्यांना बोगद्यातल्याच क्रेनला लटकवून फाशी दिले जाई, आणि इतरांना ते पाहात खालून कामावर जावे लागे.

डोरा आणि तिच्या उपछावण्यांतून सुमारे ६०,००० कैदी गेले. त्यांपैकी सुमारे २०,००० मेले. ते सगळेच काही व्ही-२ साठी राबत नव्हते, हे खरे. तरी हा आकडा लक्षात ठेवून पुढचा परिच्छेद वाचावा.

८ सप्टेंबर १९४४ रोजी पहिला व्ही-२ पॅरिसजवळ आणि त्याच संध्याकाळी दुसरा लंडनच्या चिझिक भागात पडला. तिथे तीन माणसे मेली. बाण आवाजाच्या वेगापेक्षा जलद येई, त्यामुळे स्फोट आधी आणि येण्याचा आवाज नंतर. पळायला वेळ नव्हता आणि तेव्हाच्या कोणत्याही तोफेला तो आकाशात अडवता येत नव्हता. सुरुवातीला ब्रिटिश सरकारने हे गॅसच्या नळांचे स्फोट असल्याचे भासवले. २५ नोव्हेंबरला लंडनच्या न्यू क्रॉस भागातल्या दुकानात खरेदीला आलेले १६८ जण मेले. १६ डिसेंबरला अँटवर्पच्या रेक्स चित्रपटगृहावर पडलेल्या एकाच बाणाने ५६७ जणांचा बळी घेतला. मार्च १९४५ अखेरपर्यंत तीन हजारांवर बाण सोडले गेले. ब्रिटनमध्ये सुमारे २,७०० आणि बेल्जियममध्ये आणखी काही हजार माणसे त्यांत गेली. एकूण मृतांचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण ते सगळे डोराच्या आकड्यापेक्षा कमी आहेत.

म्हणजे जगातल्या पहिल्या मोठ्या क्षेपणास्त्राने शत्रूपेक्षा ते घडवणारी माणसे जास्त मारली. युद्धाचा निकालही त्याने बदलला नाही.

वारसा वाटला गेला

युद्ध संपताच जेत्यांची धावपळ सुरू झाली. अमेरिकनांनी नॉर्डहाउजेनच्या बोगद्यांतून सुमारे शंभर व्ही-२ होतील एवढे सुटे भाग उचलले आणि मग तो भाग ठरल्याप्रमाणे रशियनांच्या ताब्यात दिला. फॉन ब्राउन आणि त्याचे शंभरावर सहकारी अमेरिकेत गेले. २४ ऑक्टोबर १९४६ रोजी न्यू मेक्सिकोतून उडवलेल्या अशाच एका व्ही-२ मध्ये कॅमेरा होता. अंतराळातून पृथ्वीचे पहिले छायाचित्र त्याने काढले. पुढे व्ही-२ वरून रेडस्टोन क्षेपणास्त्र निघाले, आणि ५ मे १९६१ रोजी त्याच रेडस्टोनच्या डोक्यावर बॉम्बऐवजी कुपी बसवून अ‍ॅलन शेपर्ड हा पहिला अमेरिकन अंतराळात गेला. चंद्रावर नेणारे सॅटर्न-५ त्याच मंडळींनी उभे केले. त्या प्रकल्पाचा एक प्रमुख आर्थर रूडोल्फ बोगद्यातल्या कारखान्यात उत्पादनप्रमुख होता. चौकशी सुरू झाल्यावर १९८४ मध्ये त्याने अमेरिका सोडली. फॉन ब्राउन एस.एस. संघटनेचा अधिकारी होता आणि बोगद्यात जाऊन आला होता. हयातभर त्याला हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही.

रशियात ही कामगिरी सर्गेई कोरोलेव्हकडे आली. १९३८ साली खोट्या आरोपाखाली अटक होऊन तो कोलिमाच्या खाणीत मरता मरता वाचला होता. त्याने जर्मनीत जाऊन अवशेष गोळा केले. १८ ऑक्टोबर १९४७ रोजी कापुस्तिन यार येथून रशियात पहिला व्ही-२ उडाला आणि पुढल्या वर्षी त्याची रशियन नक्कल, आर-१. दहा वर्षांत आर-७ हे आंतरखंडीय क्षेपणास्त्र तयार झाले आणि ४ ऑक्टोबर १९५७ रोजी त्यानेच स्पुतनिक वर नेला.

फ्रान्सच्या वाट्यालाही काही जर्मन तंत्रज्ञ आले. त्यांच्यासाठी १९४६ मध्ये व्हेर्नों गावी प्रयोगशाळा निघाली. त्यांत पेनेम्युंदेत काम केलेला कार्ल-हाइन्झ ब्रिंगर होता. त्याचे नाव लक्षात ठेवावे, शेवटी लागणार आहे.

आम्लाची वाट हैदराबादपर्यंत

लष्कराच्या दृष्टीने व्ही-२ मध्ये एक मोठी खोट होती. द्रवरूप प्राणवायू टिकत नाही, सतत उडून जातो. त्यामुळे बाण भरून ठेवता येत नाही, ऐन वेळी भरावा लागतो. यावर तोडही पेनेम्युंदेतच निघाली होती. 'वासरफाल', म्हणजे धबधबा, या नावाचे विमानविरोधी क्षेपणास्त्र १९४४ साली तिथून उडाले. जमिनीवरून रेडिओने त्याला दिशा देता येई. त्यात प्राणवायूऐवजी नायट्रिक आम्ल होते, कारण ते भरून ठेवता येते. ते युद्धात वापरले गेले नाही, पण कल्पना मागे राहिली. अलेक्सेई इसायेव्ह या रशियन अभियंत्याने आम्लावर चालणारी इंजिने घडवली. त्यांतून १९५३ मध्ये आर-११ उडाले, ज्याचे वंशज 'स्कड' या नावाने आखाती युद्धात घराघरांत पोचले. दुसरीकडे एस-७५ हे विमानविरोधी क्षेपणास्त्र आले. १ मे १९६० रोजी गॅरी पॉवर्सचे यू-२ विमान पाडले ते यानेच. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात इसायेव्हचे इंजिन होते, आणि त्याचे इंधन झायलिडीन व ट्रायएथिलअमाइन यांचे मिश्रण. जर्मनांनी 'टोंका' नावाने केलेल्या इंधनांपैकीच ते एक. आम्लाला नुसते भेटले की ते आपोआप पेटते, काडी लावावी लागत नाही.

हेच एस-७५ भारतीय वायुदलाने १९६० च्या दशकात घेतले. १९७२ साली आपल्या कंचनबागेतल्या डी.आर.डी.एल. प्रयोगशाळेत ते उघडून, मोजून, पुन्हा घडवण्याचा प्रकल्प सुरू झाला. नाव 'डेव्हिल'. १९८० मध्ये प्रकल्प बंद झाला आणि पुरे क्षेपणास्त्र काही निघाले नाही, म्हणून त्याला अपयश म्हणण्याची प्रथा आहे. पण त्या आठ वर्षांत द्रव-इंधनाचे तीन टनांचे इंजिन आपल्या हातांनी बनवता येऊ लागले होते. डॉ. कलाम यांच्या नेतृत्वाखाली जुलै १९८३ मध्ये क्षेपणास्त्र कार्यक्रम सुरू झाला तेव्हा तेच पाठबळ कामी आले. २५ फेब्रुवारी १९८८ रोजी श्रीहरिकोटाहून 'पृथ्वी' उडाले, त्याची दोन इंजिने याच कुळातली. २२ मे १९८९ च्या पहिल्या 'अग्नी'चा दुसरा टप्पाही 'पृथ्वी'चाच होता. पुढची 'अग्नी' मालिका घन इंधनावर गेली. जगातल्या बहुतेक सैन्यांनी तेच केले, कारण आम्ल सांभाळणे हे सापाशी संसार करण्यासारखे असते.

याचा मोठा दाखला २४ ऑक्टोबर १९६० चा आहे. बायकोनूरला इंधन भरलेल्या आर-१६ क्षेपणास्त्रावर घाईने दुरुस्ती चालू असताना ते जागीच पेटले आणि मार्शल नेदेलिनसह किमान ७४ माणसे जळून मेली. ही बातमी रशियाने जवळजवळ तीस वर्षे दाबून ठेवली.

लहान दाखला माझा. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका कारखान्यात, कुठला ते सांगण्यात अर्थ नाही, आम्लाच्या नळीचा गॅस्केट गळाला. लालसर तपकिरी धूर जमिनीलगत पसरत आलेला मला अजून दिसतो. ठेकेदाराकडचा एक वेल्डर सर्वांत जवळ होता. त्याने पळण्याआधी झडप फिरवली. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला आणि महिनाभर खोकला थांबला नाही. अहवाल मी लिहिला. त्यात 'किरकोळ गळती, उत्पादनावर परिणाम नाही' असे वाक्य आहे. वेल्डरचे नाव त्यात नाही. रोजंदारीच्या माणसांची नावे घालायची पद्धत नव्हती आणि मीही ती मोडली नाही. डोराशी याची तुलना करणे पाप होईल. पण नाव गाळणे किती सोपे असते, आणि ते गाळणारा माणूस किती साधा, सज्जन असू शकतो, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे.

त्या मुलासाठी उत्तर

आता चांद्रयानाकडे येऊ. १४ जुलै २०२३ रोजी त्याला वर नेणाऱ्या एल.व्ही.एम.-३ च्या मधल्या टप्प्यात 'विकास' नावाची दोन द्रव-इंधन इंजिने होती. १९७४ च्या करारानुसार आपले अभियंते फ्रान्समध्ये जाऊन 'व्हायकिंग' इंजिनाचे तंत्र शिकून आले आणि नंबी नारायणन यांच्या गटाने त्यातून 'विकास' घडवले. त्या 'व्हायकिंग'चा मूळ रचनाकार म्हणजे व्हेर्नोंला गेलेला तोच ब्रिंगर.

म्हणजे हैदराबादचे 'पृथ्वी' रशियाच्या वाटेने आणि आपल्या देखाव्यातले चांद्रयानाचे रॉकेट फ्रान्सच्या वाटेने, दोघेही पेनेम्युंदेच्या एकाच घरी जाऊन पोचतात. तेव्हा बाळा, फरक काय याचे माझे २०२३ चे उत्तर अर्धवट होते. ती सख्खी भावंडे आहेत. आधी स्वप्न आले, मग शस्त्र आले, आणि चंद्रावर जाणारे रॉकेट त्या शस्त्राच्या पोटी जन्मले. वर काय ठेवायचे हे यंत्र ठरवत नाही, माणसे ठरवतात. ते कुणाच्या हातून, कशा स्थितीत घडवून घ्यायचे, हेही माणसेच ठरवतात.

यामुळे आपल्या शास्त्रज्ञांचे कर्तृत्व कमी होत नाही. मिळाले ते ज्ञान त्यांनी राबून, चुकून, पुन्हा करून आपले केले. पण वारसा घेताना त्यावरचे कर्जही माहीत असावे, असे आपली वडीलधारी मंडळी सांगत. कोनश्टाइनच्या त्या बोगद्यांपाशी आज स्मारक आहे. पितृपक्षात आपण ज्यांची नावे ठाऊक नाहीत त्यांनाही पाणी देतो. यंदाच्या गणपतीनंतर तो पंधरवडा येईल तेव्हा मी त्या वीस हजारांना आणि एका वेल्डरला आठवणार आहे. वेल्डर त्या अपघातातून वाचला, पुढे कुठे गेला मला माहीत नाही. जिवंत असेल तर त्याला उदंड आयुष्य लाभो. त्याचे नाव मला आठवते, आणि पुढच्या वेळी कुणी विचारले तर मी ते सांगेन.

गणपती बाप्पा मोरया!